कोपराशी सांगितलेली लाज

लाज संपली की आमच्या धंद्यातल्या माणसाला मान मिळतो. आमच्या मुकादमांचंच बघा ना. भर बाजारात पोट खाजवत हिंडतात, सभेत बसून खुशाल नाकात बोट घालतात, आणि वर लोक त्यांना वाकून नमस्कार करतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, या माणसाने आपल्याजवळची होती नव्हती ती सगळी लाज थोरल्यांच्या अंगाशी बोलून टाकली, म्हणून आज गावातल्या गल्ल्या मोकळ्या आहेत. माझीही गेल्या हिवाळ्यात संपली. "झाले हो एकदाची बेशरम!" असं मी स्वतःच घरोघरी सांगून आले होते. तेव्हापासून मी प्रत्यक्ष काम सोडलं आणि शिकवायला लागले.

त्या सकाळी घरात एक पूलवाले गृहस्थ बसले होते. खालच्या खोऱ्यात ते पूल बांधतात. त्यांच्या पुलाच्या वाटेत एक थोरला पाय पसरून झोपला होता आणि आपल्या माणसांना मी हे काम शिकवावं म्हणून ते मुद्दाम आले होते. भला माणूस, पण प्रश्न फार.

"पण बाई, ते दगड हलतात तरी कसे?"

"दगड म्हणू नका. थोरले आहेत ते," मी म्हटलं. "कधीकाळी चालत होते. मग बसले आणि बसल्या जागी झोपले. आमचं अख्खं गाव त्यांच्या अंगावर आहे. ही आमची गल्ली एकाच्या मांडीवर आहे, आणि तुम्ही चढून आलात तो चढ म्हणजे त्याची पोटरी. आता झोपेत कूस कोण बदलत नाही? तेही बदलतात. मग कुणाचा गुडघा रस्त्यात येतो, कुणाचं बोट विहिरीत जातं. त्यांना जोर लावून हलवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. त्यांना लाजेची धग लागावी लागते."

"धग?"

"त्यांच्या अंगाला तोंड लावायचं आणि अशी गोष्ट सांगायची, की सांगताना आपले कान तापतील. ती खरी पाहिजे, आपली स्वतःची पाहिजे, आणि कुणाला सांगितलेली नको. एकदा सांगितली की शिळी झाली. परत तीच सांगून खडासुद्धा हलत नाही. आम्ही सांगतो तेव्हा बाकीचे पाठ फिरवून गुणगुणतात, म्हणजे कुणाला ऐकू जात नाही. आणि नंतर 'काय सांगितलंस' असं विचारायचं नाही. ती आमच्याकडची रीत आहे."

"मग यात शिकवायचं काय? लाज तर सगळ्यांनाच असते."

"असते हो, पण सांगता कुठे येते? 'मी चोरी केली' म्हणायला सांगा, माणूस म्हणतो 'मी चोरी केली, पण घरात काही नव्हतं.' तो 'पण' आला की संपलं. सबब जोडली की दगड गार."

"दगड म्हणायचं नाही ना?" पूलवाले हसले.

मीही हसले. "बोलण्याच्या ओघात येतं हो! तर सरळ, न अडखळता, सबब न जोडता बोलायचं. तेच शिकवते मी."

नेमकी तेव्हाच माझी लेक दारात येऊन उभी राहिली.

लेक उबारखान्यात काम करते. उबारे तुम्ही पाहिले नसतील. वासराएवढे, गोल गरगरीत, मऊ कातडीचे आणि महाआळशी. अंगातून सारखी ऊब सोडतात. थंडीत घरोघर एकेक उबारा चुलीच्या जागी निजलेला असतो, आणि ऊन पडायला लागलं की सगळे परत उबारखान्यात जमा होतात. त्यांना धुवायचं, चारायचं, त्यांची बाळंतपणं करायची, हे माझ्या लेकीचं काम. उबाऱ्यांशी ती दिवसभर बोलते, गाते, आणि तेव्हा तिची जीभ कुठेही अडत नाही. माणसांसमोर अडते. लहानपणापासून अडते.

ती धावत आली होती. कपाळावरून घाम निथळत होता.

"आई, थो... थो-थोरल्याचं..."

पूलवाल्यांनी मान जराशी कलती केली. लहान मूल पहिलं पाऊल टाकताना लोक बघतात तसं, अगदी समजूतदारपणे बघायला लागले. मला तो समजूतदारपणा बघवेना. हीच बाई आत्ता 'न अडखळता बोलायचं' म्हणत होती ना, असं त्यांच्या मनात येत असणार, असं मला वाटलं.

"थोरला झोपलाय आपला," मी म्हटलं. "तू जेवायला उशिरा येणार, हेच सांगायचंय ना? कळलं. जा."

तिने जोरात मान हलवली. "न-नाही, आई, को..."

"अगं, पाहुणे बसलेत. दिसत नाही का? नंतर सांग. जा आता."

तिने माझ्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. ओले हात कामाच्या झग्याला पुसले आणि ती गेली.

"तुमची लेक का?" पूलवाल्यांनी विचारलं.

"छे हो!" मी म्हटलं. "शेजारची आहे. येते अधूनमधून कामाला."

शब्द असे पटकन निघाले, की जणू तोंडात तयारच होते. कोपऱ्यात वन्सं गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. माझे यजमान गेल्यापासून आम्ही तिघीच घरात: मी, लेक आणि ही नणंद. वन्संची सुई थांबली. पाहुण्यांसमोर त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांना उंबरठ्यापर्यंत पोचवून मी वळते न वळते तोच म्हणाल्या, "शेजारची?"

"व्यवहार आहे हा, वन्सं. बोलायला शिकवणाऱ्या बाईची लेक अशी बोलते असं कळलं तर माझ्याकडे कोण येईल?"

"मी कुठे काय म्हणाले?"

"म्हणू नका. तेच बरं."

त्या खाली मान घालून टाके घालत राहिल्या. मी मुकाट्याने भांडी घासायला घेतली, आणि जरा जास्तच आपटून घासली.

दुपार व्हायच्या आत घर हललं. फळीवरच्या डब्यांची झाकणं उडाली, वन्संच्या हातातली सुई बोटात गेली, आणि खालच्या बाजूने डोंगर कोसळल्यासारखा आवाज आला. थोरले हलले की गावाला समजतं, पण एवढं मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. गल्लीतले लोक ओरडत खाली पळाले. खालच्या आळीतल्या थोरल्याने गुडघा रस्त्यावर टेकला होता. तिथे माणसं अडकली होती, आणि धंद्यातली सगळी तरणी मंडळी तिकडे धावली. मीही पायात चप्पल घालत होते, तेवढ्यात पिसारू आला.

पिसारू हा लेकीबरोबर उबारखान्यात काम करणारा. वरच्या कड्यावरच्या पिसाऱ्या लोकांपैकी आहे तो. त्या लोकांच्या मनात जे येतं ते पिसांवर उमटतं. रागावले की पिसं तांबडी, खूश झाले की पिवळी. काही म्हणून लपवता येत नाही बिचाऱ्यांना, म्हणून त्यांच्याबरोबर कुणी पत्ते खेळत नाही. त्याची पिसं मी आजवर पिवळीच पाहिली होती. आत्ता ती डोक्यापासून ढोपरापर्यंत राखेसारखी पांढरी पडली होती.

"बाई, कोपर! आपल्या थोरल्याने उबारखान्यावर कोपर टेकलं. ती आत आहे."

हातातली दुसरी चप्पल मी तिथेच टाकली.

"आम्ही उबारे बाहेर काढत होतो. मी पहिल्याला घेऊन अंगणात आलो आणि तेवढ्यात..." त्याला धाप लागली होती. "कोपर सकाळपासून सरकत होतं, बाई. भिंतीला तडे गेले होते. ती म्हणाली, आईला सांगून येते, आई कुणाला तरी पाठवेल. सांगितलं नाही का तिने?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी तशीच, एका पायात चप्पल, धावत सुटले.

उबारखाना थोरल्याच्या बगलेखालच्या पोकळीत आहे. एका बाजूला त्याच्या बरगड्या, वरून दंड, आणि पुढे लाकडी दार. आता दार नव्हतंच. त्याच्या जागी कोपर बसलं होतं, घराएवढं, आणि दाराच्या फळ्यांचा त्याखाली भुगा झाला होता. बरगडी आणि कोपर यांच्यामध्ये एक फट राहिली होती, त्यातून माझा हात मनगटापर्यंत गेला. आतून गरम वाफ आली. आत सगळ्या गावाचे उबारे. एवढी जनावरं एवढ्याशा जागेत श्वास घेत होती, आणि बाहेरून वारा यायला वाट नव्हती.

"बाळा!" मी फटीत ओरडले. "आहेस ना?"

आतून दगडावर टकटक झाली. मग तिचा आवाज, अगदी फटीपाशी. "आई, ह-हवा..." आणि ती खोकायला लागली.

हे वाक्यही मी तोडलं असतं. पण त्याची गरज नव्हती.

मुकादम आधीच येऊन उभे होते. जन्मात पहिल्यांदा त्यांचा हात पोटावर नव्हता. "खाली निरोप धाडलाय," ते म्हणाले. "पण तिथेही माणसं गुडघ्याखाली आहेत. ती सोडून वर कोण येणार? आणि माझ्याकडे काही नाही, बाई. तुला ठाऊक आहे."

"माझ्याकडे तरी कुठे आहे?"

"आठव. काहीतरी असेल. कोपऱ्यात राहिलेलं."

त्यांनी हात वर केला, तसे जमलेल्या सगळ्यांनी पाठी फिरवल्या आणि गुणगुणायला सुरुवात केली. पिसारू तेवढा फटीपाशी राहिला. कोपर आणखी खाली बसू नये म्हणून त्याने एक ओंडका आडवा घातला होता आणि तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्याला पाठ फिरवता येत नव्हती आणि कान झाकता येत नव्हते.

"बाळा, कान झाक!" मी आत ओरडले. "कान झाक आणि गुणगुण! जोरात!"

आतून बारीक सूर आला. उबाऱ्यांची पिल्लं निजवताना ती गाते, तेच गाणं. त्यात ती कधी अडखळत नाही.

मी कोपराला ओठ टेकले. गार होतं, विहिरीच्या आतल्या भिंतीसारखं. काय सांगू? वन्संच्या डब्यातली साखर चोरायचे ते मी लग्नाच्या वर्षीच सांगून बसले होते, त्याने पाणवठ्याची वाट मोकळी झाली होती. यजमानांना पोचवायला निघालो तेव्हा खांदेकरी घसरला आणि मला हसू फुटलं, ते सांगून मी शाळेसमोरचा अंगठा हलवला होता. तरी वेड्यासारखी तेच पुन्हा सांगितलं. साखर सांगितली, हसू सांगितलं. मुकादमांची नक्कल करून बायकांना हसवते, तेही सांगितलं, पण त्याची मला काडीची लाज नाही. कोपर ढिम्म. आतला सूर बारीक होत चालला.

"मी सांगू का?" पिसारूने दात ओठ खात विचारलं.

"तुझं काय झाकलेलं आहे रे, बाबा?" मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्याला धरलं. वन्सं. रीत मोडून त्या वळून माझ्याजवळ आल्या होत्या. पायात चिखल, बोटाला सुईचं रक्त.

"वहिनी, सकाळचं सांगा."

"कोणतं सकाळचं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"त्यात लाजायचं काय? तो व्यवहार होता!" मी त्यांच्यावर खेकसले. लेक मरायला टेकली होती आणि मी नणंदेशी वाद घालत होते.

"मग तुमचे कान का लाल झालेत?" वन्सं म्हणाल्या, आणि माझं डोकं धरून त्यांनी ते कोपराकडे वळवलं. मग त्या पाठ फिरवून इतरांबरोबर गुणगुणायला लागल्या.

मी कानाला हात लावला. कान भाजत होते.

"आज मी पाहुण्यांना सांगितलं, की ही माझी लेक नाही," मी कोपराशी म्हटलं. दगडाला लगेच ऊब चढली. माझ्या ओठांना लागली ती. "शेजारची आहे म्हटलं. पण माझा धंदा असा, लोक काय म्हणतील, तिच्याच पोटासाठी..."

ऊब गेली. दिवा विझावा तशी गेली.

मुकादमांना शब्द ऐकू येत नव्हते, पण ते तळहात दगडाला लावून उभे होते. मान न वळवता म्हणाले, "'पण' म्हणालीस ना? टाक तो."

गेल्या हिवाळ्यापासून मी हेच शिकवत आले. नव्या मुलांच्या डोक्यात टपली मारून शिकवलं, की सबब ही लाजेची गोधडी असते, ती काढल्याशिवाय धग बाहेर येत नाही. आणि माझ्या स्वतःच्या अंगावर अशी जाड गोधडी होती, की तिच्याखाली काही आहे हेच मला माहीत नव्हतं. मदत करते म्हणून मी तिची वाक्यं पुरी करत होते. तिचा जीव कमी दमावा म्हणून पाहुणे आले की तिला आत पाठवत होते. किती छान छान कारणं होती माझ्याकडे!

मी ओठ पुन्हा टेकले.

"मला माझ्या लेकीची लाज वाटते."

कोपर तापलं.

"ती बोलायला लागली की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. तिचं वाक्य मी तोडते ते तिच्यासाठी नाही. लोकांनी ऐकू नये म्हणून तोडते. माझ्यासाठी."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आतलं गाणं थांबलंय.

तिला दम पुरला नाही म्हणून थांबलं, की तिने ऐकायचं ठरवलं म्हणून, मला कसं कळणार? फट तिच्या तोंडाशी होती आणि माझ्याही तोंडाशी होती. मी थांबले असते तर शब्द तिच्यापर्यंत गेले नसते. कोपर माझ्या गालाखाली थरथरत होतं, हलू का नको असं करत होतं. मी थांबले असते तर ते तिथेच राहिलं असतं. मी डोळे मिटले आणि उरलेलं सगळं सांगितलं, एकही 'पण' न घालता.

"आज ती जीव तोडून सांगायला आली होती, की कोपर सरकतंय. मी तिला बोलू दिलं नाही. पाहुण्यासमोर ती माझी दिसू नये असं मला वाटत होतं. 'तुमची लेक का' असं त्याने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, आणि नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं."

थोरल्याने श्वास सोडला. गल्लीभर धूळ उडाली. मग तो घराएवढा दंड वर गेला, झोपेतला माणूस डोक्याखाली हात घेतो तसा सावकाश, आणि तिकडे पलीकडे जाऊन पडला. बरगडीपाशी केवढी थोरली वाट मोकळी झाली.

आधी उबारे बाहेर आले, एकमेकांच्या अंगावरून घरंगळत, तोंडं उघडी टाकून. मग लेक आली. चेहरा लालबुंद, केस चिकटलेले, आणि काखेत उबाऱ्याचं एक पिल्लू. ती माझ्यापासून दोन हातांवरून गेली आणि अंगणातल्या दोणीपाशी बसून पिल्लाच्या तोंडावर पाणी शिंपडायला लागली. मी हात पुढे केले होते. ते तसेच राहिले.

लोक वळले आणि एकच गलका झाला. कुणी रडत होतं, कुणी माझ्या पाया पडायला वाकत होतं. "काय धग होती, बाई!" मुकादम मला म्हणाले. त्यांचा तळहात पोळला होता आणि तो ते सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते. "मला वाटलं, तुझी संपली. एवढी मोठी कुठे दडवून ठेवली होतीस?"

काय होती, असं कुणी विचारलं नाही. विचारायचंच नसतं. ज्यांनी पाठी फिरवल्या होत्या त्यांनी खरोखरच काही ऐकलं नव्हतं. पण पिसारू ओंडका सोडून उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे पाहिलं. त्याची पिसं काळीजांभळी झाली होती, पार गळ्यापर्यंत. पिसाऱ्या लोकांवर तो रंग लाज वाटली की येतो. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं, त्याने फक्त ऐकलं होतं, आणि माझ्याकडे बघण्याची त्याला लाज वाटत होती. तो खाली बघत उबारे गोळा करायला गेला. अंगणातल्या ज्याला ज्याला डोळे होते त्याला तो रंग दिसत होता. लोक त्याला विचारत होते, "अरे, तुला काय झालं?"

मला तिथून निघून जायचं होतं. जायला जागा नव्हती. ज्या दगडाशी बोलले त्याच्याच मांडीवर माझं घर आहे.

शेजारची एक बाई लेकीपाशी गेली. "लागलं तर नाही ना गं कुठे?"

"न... न-न..."

"नाही ना? बरं झालं हो..." ती बाई बोलायला लागली, आणि मी इतक्या जोरात "थांबा!" म्हणाले, की उबारेसुद्धा दचकले. "तिला बोलू द्या."

लेकीने वर पाहिलं. मग त्या बाईकडे वळून सावकाश म्हणाली, "न-नाही. लागलं नाही."

पांगापांग झाली. वन्सं पिसारूला मदत करायला गेल्या. मुकादम जाता जाता म्हणाले, की उद्या पूलवाल्यांना हे आवर्जून सांगायला हवं, अशी शिकवणारी त्यांना दुसरी मिळायची नाही. मी मान हलवली. कान अजून तापलेलेच होते. आमच्या धंद्यात सांगितलेली लाज लगेच निवते, अंगावरून ओझं उतरावं तसं हलकं वाटतं. साखरेचं तसं झालं होतं, हसण्याचंही झालं होतं. मी वाट बघत होते. काही निवत नव्हतं.

लेकीने पिल्लाला सावलीत निजवलं, झग्याला हात पुसले, अगदी सकाळसारखे, आणि माझ्याशेजारी दोणीच्या कडेवर येऊन बसली. आम्ही दोघी कोपर होतं त्या जागेकडे बघत होतो.

"आई."

"बोल."

"स-सकाळी तू 'शे-शेजारची' म्हणालीस. मी दारामागे च-चप्पल घालत होते."

माझ्या घशात शब्द गर्दी करून आले. मी जीभ दातांखाली धरली. ती थांबली, ओठ जुळवले, पुन्हा सुटले. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. यापूर्वी मी कधी बघितलंच नव्हतं. ती अडायला लागली की मी नेहमी दुसरीकडे बघायचे.

"मला वाटलं, धं-धंद्यासाठी म्हणाली असशील. लोकांसाठी. व-वाटेभर मी त-तुझ्यासाठी सबब शोधत गेले. आणि स-सापडली मला. बरं व-वाटलं होतं."

पिसारू तिकडून बघत होता. तिचं वाक्य अजून संपलं नव्हतं, आणि ते कुठे जातंय हे मला कळत होतं. सकाळी मी ते कधीच पुरं करून टाकलं असतं. आता मी हात मांडीवर घट्ट धरून बसले आणि ते तिचं तिला म्हणू दिलं.

"पण द... द-द..." तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि उघडले. "पण दगड हलला, आई."